पेठ वसवणारा राजा

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. विषय तसा नेहमीचाच, कर्जाचे हप्ते. पण बोलता बोलता गाडी भलतीकडेच वळली. आमच्यातल्या एक ताई शेवया-पापड करतात. हाताला चव आहे, माल चोख आहे, तरी हप्ता थकला. कारण विचारलं तर म्हणाल्या की करून ठेवलेलं घ्यायला गावात माणूसच कुठे उरलाय? पोरं शिकली की पुण्याला जातात, त्यांच्यामागे म्हातारी माणसंही जातात. दुसरी म्हणाली, आपल्या गावात काही नाहीच मुळी! तिसरीने सगळा दोष नशिबाला दिला आणि आम्ही चहा पिऊन घरोघर पांगलो.

पण ते ‘काही नाहीच मुळी’ माझ्या डोक्यातून जाईना. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, जयसिंगपूरजवळचं. लग्न होऊन मी या दुष्काळी तालुक्यात आले. लहानपणी वडिलांबरोबर जयसिंगपूरच्या बाजाराला जायची तेव्हा तिथले सरळ रेषेत आखलेले रस्ते आणि गल्ल्यांना दिलेले नंबर बघून मला वाटायचं, सगळी गावं अशीच असतात. सासरी आल्यावर कळलं, तसं नसतं. मग कुणीतरी सांगितलं की जयसिंगपूर हे आपोआप वाढलेलं गाव नव्हेच, ते ठरवून वसवलेलं आहे. वसवणारे होते कोल्हापूरचे शाहू महाराज.

शाहू महाराज म्हटलं की आपल्याला काय आठवतं? आरक्षण, वसतिगृहं, अस्पृश्यता निवारण. २६ जूनला शाळेत भाषण असतं, फोटोला हार असतो. ते सगळं खरंच आहे. पण बैठकीनंतर मी त्यांचं चरित्र पुन्हा काढून वाचलं ते वेगळ्याच नजरेने. गरीब मुलखातली लहान गावं उभी कशी करायची, हा प्रश्न मनात धरून. आणि खरं सांगते मैत्रिणींनो, एखाद्या हुशार गृहिणीने महिन्याचं अंथरूण-पांघरूण बघून संसार लावावा तसा या माणसाने आपला मुलूख लावलेला दिसला.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात त्यांचा जन्म झाला. नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई. आई गेली तेव्हा मूल तीन वर्षांचंही नव्हतं. पुढे कोल्हापूरच्या गादीला वारस नव्हता म्हणून चौथ्या शिवाजी महाराजांच्या पत्नी आनंदीबाईसाहेबांनी १७ मार्च १८८४ रोजी त्यांना दत्तक घेतलं आणि यशवंतरावांचे शाहू छत्रपती झाले. दोनच वर्षांनी वडीलही वारले. दहा-बारा वर्षांचं पोर, डोक्यावर राजमुकुट आणि घरात आई ना बाप! शिक्षणासाठी आधी राजकोटला आणि मग धारवाडला जावं लागलं. धारवाडला फ्रेजर साहेब आणि रघुनाथराव सबनीस यांच्यासारखे शिक्षक लाभले. हेच सबनीस पुढे त्यांचे दिवाण झाले. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकरांच्या लक्ष्मीबाईंशी त्यांचं लग्न झालं. आणि २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला तेव्हा वयाला वीस वर्षंही पूर्ण नव्हती.

हाती आलेलं राज्य होतं तरी कसं? १९०१ च्या खानेसुमारीत अख्ख्या संस्थानात ९ लाखांच्या आसपास माणसं होती आणि कोल्हापूर शहरात ५४ हजारांच्या आसपास. म्हणजे आज आपण ज्याला तालुक्याचं गाव म्हणतो, त्याच मापाची ही राजधानी. बाकी सगळी खेडी. शेती पावसावर. पश्चिमेला सह्याद्रीत धो धो पाऊस, ते पाणी नद्यांतून वाहून जाणार आणि पूर्वेकडची रानं उन्हाळ्यात कोरडी. दरबारातल्या चांगल्या नोकऱ्या शिकलेल्या मूठभर घरांत. शेतकऱ्याच्या हातात रोकड अशी फारशी नाहीच. वर इंग्रजांची देखरेख, त्यामुळे राजाचे हातही काही पूर्ण मोकळे नव्हते.

एक गोष्ट मात्र नवी होती, रेल्वे. १८८८ मध्ये या रेल्वेच्या कामाचा प्रारंभ शाहूंच्याच हस्ते झाला होता. तेव्हा ते जेमतेम चौदा वर्षांचे होते. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर गाडी धावू लागली. आता आपल्याला वाटतं, रेल्वे आली म्हणजे भरभराट आलीच. पण तसं असतं का? आपल्या गावावरून मोठा रस्ता गेला म्हणून आपलं भलं झालं का? रस्त्याने बाहेरचा माल आत येतो आणि आपली माणसं बाहेर जातात. आपल्याकडे विकायला काही असलं आणि ते विकायला जागा असली, तरच रस्त्याचा उपयोग.

महाराजांना हे नेमकं उमगलं होतं. कारभार हाती घेतल्यावर वर्षभरातच, १८९५ मध्ये, त्यांनी स्टेशनच्या जवळ नवी पेठ वसवली. तीच शाहूपुरी. ती कशाची? तर गुळाची. कोल्हापूरच्या मातीत ऊस होत होता, गुऱ्हाळं होती, शेतकऱ्याला गूळ करता येत होता. नव्हती ती हक्काची बाजारपेठ. मग व्यापाऱ्यांना बोलावलं, दुकानं-वखारी बांधायला जागा दिल्या, सवलती दिल्या.

मला यातली पहिली पायरी फार महत्त्वाची वाटते. त्यांनी सुरुवात ‘आपल्याकडे काय नाही’ इथून केली नाही, ‘आपल्याला काय येतं’ इथून केली. आणि जे येतं त्याला गिऱ्हाईक जोडून दिलं. एकच व्यापारी असला की तो म्हणेल तो भाव. दहा व्यापारी एका जागी असले की भाव बोलावा लागतो. गूळ आला की तो उतरवायला हमाल आले, गाडीवान आले, त्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळी आल्या. गूळ विकून पैसे हातात आलेला शेतकरी परत जाताना लुगडं घेणार, भांडं घेणार, मीठ-मिरची घेणार. पेठ अशी वाढते. कोल्हापुरी गुळाचं नाव पुढे देशभर झालं. २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या नावामागे सव्वाशे वर्षांपूर्वी स्टेशनजवळ आखलेली ही पेठ आहे.

पण पेठ वसवून वर्ष होतं न होतं तोच १८९६-९७ चा मोठा दुष्काळ आला. पाठोपाठ प्लेग. कुणाच्याही हातून सगळं सुटून जावं असा तो काळ. तरुण राजा स्वतः मुलखात हिंडला. स्वस्त धान्याची दुकानं उघडली, जनावरांच्या चाऱ्याची सोय केली, हाताला काम मिळावं म्हणून रस्ते-तलावांची कामं काढली. या कामांवर बायकाही यायच्या, कडेवर तान्ही पोरं घेऊन. त्या मुलांना सांभाळायला कामाच्या जागी शिशुगृहं काढली गेली. हे वाचताना मी थबकलेच. आज २१ व्या शतकात आमच्याकडे रोजगार हमीच्या कामावर झाडाला झोळी बांधून बाळ निजवणारी आई मी कितीदा पाहिली आहे! आणि हा राजा सव्वाशे वर्षांपूर्वी तिच्या बाळाचा विचार करत होता. बाईचं मूल सुरक्षित असेल तरच तिच्या हातून काम होईल, एवढी साधी गोष्ट. पण आराखडे करणाऱ्यांना ती सुचतेच असं नाही.

दुष्काळाने त्यांना एक धडा दिला. पेठ कितीही चांगली असो, रानात पाणी नसेल तर पेठेत माल येणार कुठून? १९०२ मध्ये त्यांनी संस्थानाचं पाटबंधारे धोरण ठरवलं. जुन्या विहिरी-तलावांची पाहणी, दुरुस्ती, नवे तलाव अशी कामं निघाली. मग १९०७ मध्ये मोठी योजना आखली गेली. पश्चिमेच्या डोंगरात भोगावती नदीवर धरण बांधायचं. पुढच्या दोन वर्षांत कामाला हात घातला. तिथे जे गाव वसलं त्याला त्यांनी आपल्या लेकीचं, राधाबाईंचं नाव दिलं, राधानगरी. आणि जलाशयाला नाव दिलं लक्ष्मी तलाव. सह्याद्रीत पडणारा पाऊस तिथेच अडवायचा आणि उन्हाळ्यात नदीत सोडायचा, म्हणजे खालच्या गावांना पाणी मिळेल. आपण नाही का, माठ भरून ठेवतो, तसंच.

हे काम सोपं नव्हतं. संस्थानाची ऐपत ती केवढी! १९१८ पर्यंत धरणाची भिंत सुमारे ४० फूट चढली आणि पैशाअभावी काम थांबलं. महाराजांना धरण पूर्ण झालेलं बघायला मिळालं नाही. ते पूर्ण व्हायला १९५० चं दशक उजाडलं. भोगावतीचं पाणी पंचगंगेला मिळतं आणि पंचगंगा आमच्या शिरोळ तालुक्यातून वाहत नरसोबाच्या वाडीला कृष्णेत जाते. म्हणजे माझ्या वडिलांच्या उसाला जे पाणी मिळालं, ज्या उसावर माझं शिक्षण झालं आणि लग्नही, त्यातला काही वाटा त्या अर्धवट राहिलेल्या भिंतीचा आहे. हे मला वयाच्या चाळिशीनंतर कळावं याची लाज वाटली.

बघा हं, आता एकेक गोष्ट कशी जुळत गेली. पाणी असेल तर ऊस, ऊस असेल तर गूळ, गूळ असेल तर पेठ, आणि पेठेतून रेल्वेने माल बाहेर. सुटं सुटं बघितलं तर या चार योजना. एकत्र बघितलं तर एकच माळ. १९०६ मध्ये त्यांनी शाहू छत्रपती मिल काढली, सूत आणि कापडाची. म्हणजे ज्यांना शेती नाही त्यांनाही गावातच रोजगार. १९१२ मध्ये शेतीची संस्था काढली, नव्या अवजारांची माहिती शेतकऱ्याला व्हावी म्हणून. १९१३ मध्ये संस्थानात सहकारी संस्थांचा कायदा आला. सावकाराच्या दारात न जाता चार माणसांनी एकत्र येऊन पैसा उभा करायचा. आपल्या बचत गटांची ही आजेसासूच म्हणायची!

पण नुसती पेठ, पाणी आणि मिल एवढ्याने गाव मोठं होत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. माणूस घडायला हवा. खेड्यातल्या मुलाला शिकायचं तर कोल्हापुरात यावं लागे. राहायचं कुठे, जेवायचं कुठे? त्यांनी आधी सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढून बघितलं. ते जमलं नाही. बहुजन समाजाची मुलं तिथे टिकेनात. मग त्यांनी हट्ट न धरता वाट बदलली. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, मग मुस्लिम, लिंगायत आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. पुढे ही संख्या वीसच्या वर गेली. नुसती इमारत देऊन ते थांबले नाहीत. वसतिगृह पुढे चालावं म्हणून त्याला कायमच्या उत्पन्नाची जोड दिली. उद्घाटनाचा नारळ फोडला की काम संपलं, असं त्यांच्याकडे नव्हतं.

शिकलेल्या मुलांना नोकरी कुठे? तर १९०२ च्या २६ जुलैला त्यांनी हुकूम काढला की संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवायच्या. याला विरोध झाला, टीका झाली. पण एकाच दाराने आत जाता येणाऱ्या गावात बाकीच्यांनी राबायचं तरी कशाच्या आशेवर? १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाला शाळेत न घालणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळचा एक रुपया! आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम निघाला.

चरित्रातली एक छोटी हकीकत मला या सगळ्या मोठ्या हुकुमांपेक्षा जास्त शिकवून गेली. गंगाराम कांबळे नावाचा महाराजांच्या पदरी असलेला माणूस. तो दलित. पाण्याला शिवला म्हणून इतर नोकरांनी त्याला बेदम मारलं. महाराजांना कळल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामला स्वतःचा धंदा करायला पैसे दिले. त्याने कोल्हापुरात चहाचं दुकान टाकलं. दुकान नीटनेटकं, चहा चांगला, पण गिऱ्हाईक येईना. त्याच्या हातचा चहा प्यायचा कुणी? महाराजांच्या कानावर हे गेलं. मग काय, फिरायला निघाले की महाराज आपली गाडी त्या दुकानापुढे थांबवायचे, गंगारामला चहा आणायला सांगायचे आणि सगळ्यांदेखत प्यायचे. सोबतच्या बड्या मंडळींच्या हातातही कप द्यायचे. राजाने दिलेला चहा नाकारणार कोण? हळूहळू दुकान चालू लागलं.

मैत्रिणींनो, आपण बायकांना शिलाई मशीन देतो, पिठाची गिरणी देतो, कर्ज देतो, फोटो काढतो. पण तिच्या दुकानापुढे आपण स्वतः थांबतो का? भांडवल दिल्याने धंदा सुरू होतो, गिऱ्हाईक मिळाल्याने तो टिकतो. हे वाचलं आणि मला आमच्या शेवयावाल्या ताई आठवल्या. बैठकीला आम्ही वीस जणी होतो. त्यांच्याकडून शेवया घेणाऱ्या किती? मी धरून चौघी. बाकीच्यांच्या घरात, आणि खरं सांगायचं तर कधीकधी माझ्याही घरात, पाकिटातल्या शेवया येतात.

बायकांसाठी त्यांनी काय केलं हेही सांगायला हवं. कृष्णाबाई केळवकर या कोल्हापूरच्या डॉक्टर मुलीला त्यांनी पुढच्या शिक्षणासाठी परदेशी जायला मदत केली. आणि कृष्णाबाईंनी पुढे कोल्हापुरातच बायकांची सेवा केली. शिकलेलं माणूस गावाकडे परत यावं यासाठी गावात त्याला मानाचं काम असावं लागतं, ते इथे होतं. १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, १९१९ मध्ये बायकांचा छळ करणाऱ्यांविरुद्ध कायदा केला. घरातल्या मारहाणीत दुसऱ्यांनी पडायचं नाही, असं आजही ऐकवलं जातं. तिथे शंभर वर्षांपूर्वी एका राजाने त्यात पडायचं ठरवलं.

त्यांच्या स्वतःच्या घरावरही घाव बसला. धाकटे राजपुत्र शिवाजी १९१८ मध्ये शिकारीत अपघात होऊन गेले. मागे राहिल्या सूनबाई इंदुमतीदेवी, जेमतेम अकरा-बारा वर्षांच्या. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला काय यायचं, हे आपण आज्या-पणज्यांकडून ऐकलेलं आहे. मुलाचं दुःख उरात घेऊन महाराजांनी सुनेला शिकवायचं ठरवलं. सोनतळीच्या मुक्कामी तिच्यासाठी शिक्षक ठेवले, सोबतीला शिकायला इतर मुलीही ठेवल्या. सगळ्या मुलखाला शिक्षण सक्तीचं करणाऱ्याने स्वतःच्या उंबऱ्याआड वेगळा नियम लावला नाही. कोल्हापुरात इंदुमतीदेवींच्या नावाने आजही मुलींचं शिक्षण चालतं.

आणि गावाला विरंगुळाही लागतो की! खासबागचं कुस्तीचं मैदान १९१२ मधलं, पॅलेस थिएटर १९१५ मधलं. तेच आज केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ओळखलं जातं. २०२४ च्या आगीत ते जळालं तेव्हा सगळ्या कोल्हापूरला घरचं कुणी गेल्यासारखं वाटलं होतं. अल्लादिया खाँसाहेबांसारखे गवई त्यांच्या दरबारी होते. लोकांना एकत्र यावंसं वाटेल अशी जागा असली की गाव सोडून जाताना पाय थोडा अडखळतो.

आता माझ्या जयसिंगपूरकडे येते. १९१७ च्या सुमारास, कोल्हापूरची पेठ वसवून वीस-बावीस वर्षं झाल्यावर, त्यांनी पूर्वेकडच्या भागासाठी मिरज-कोल्हापूर रेल्वेलगत नवं गाव आखलं. सगळं काही राजधानीतच नको, शिरोळकडच्या शेतकऱ्यालाही जवळ पेठ हवी, हा त्यामागचा हिशेब असणार. रुंद सरळ रस्ते, काटकोनात गल्ल्या, मध्ये बाजाराची जागा. लहानपणीच वारलेल्या वडिलांचं, जयसिंगरावांचं, नाव त्या गावाला दिलं. लेकीच्या नावाने पाण्याचं गाव, वडिलांच्या नावाने बाजाराचं गाव. माणसाची माया कशी असावी ती अशी!

सगळंच साधलं असं मात्र नाही. पन्हाळ्याकडे त्यांनी चहा-कॉफीचे मळे करून बघितले, ते पुढे टिकले नाहीत. शाहू मिलने कित्येक पिढ्यांना पोसलं, पण आज तिचा भोंगा वाजत नाही. उसाने समृद्धी आणली आणि पुढच्या पिढ्यांनी पाण्याचा ताळतंत्र सोडल्यावर आमच्या शिरोळमध्ये क्षारपड जमिनीही आल्या. पण तो दोष वसवणाऱ्याचा म्हणता येणार नाही. आराखडा एकदा करून पेटीत ठेवायचा नसतो, दर पिढीने तो पुन्हा उघडून बघायचा असतो. ते आपण केलं नाही.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचं निधन झालं. वय अवघं ४७. कारभाराची वर्षं २८. त्या २८ वर्षांत दुष्काळ होता, प्लेग होता, महायुद्ध होतं, पोटच्या मुलाचा मृत्यू होता, स्वतःचं आजारपण होतं. कामं मात्र एकामागून एक रांगेने होत गेली. काही त्यांच्या डोळ्यांदेखत पूर्ण झाली, काही मागून.

या महिन्याच्या बैठकीला मी हे सगळं आमच्या गटात सांगितलं. मग आम्ही एक वही काढली आणि ‘काही नाहीच मुळी’ म्हणणाऱ्या ताईंनाच लिहायला बसवलं. आपल्या गावात काय होतं ते लिहायचं. ज्वारी आली, मटकी आली, शेरडं आली, घोंगडी विणणारी दोन घरं आली, गोधड्या शिवणाऱ्या सात जणी निघाल्या, चटण्या करणाऱ्या पाच. पान भरलं! मग दुसऱ्या पानावर लिहिलं, घेणारं कोण? तिथे पेन थांबलं. खरं काम त्या दुसऱ्या पानाचं आहे.

आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. एक म्हणजे गटातल्या बाईचा माल आधी गटातल्या घरांत जाणार. दुसरी म्हणजे आठवडी बाजारात विकायला बसणाऱ्या बायकांसाठी पत्र्याची सावली, पाणी आणि स्वच्छतागृह हवं, असा अर्ज नगरपालिकेला द्यायचा. अर्जावर सगळ्यांच्या सह्या झाल्या. कडेवरच्या पोरांसाठी एक खोली मिळावी, ही ओळ शेवटी वाढवली.

तुमच्या गावातही अशी वही निघू शकेल. पहिलं पान भरताना मजा येते. दुसऱ्या पानासाठी मात्र सगळ्यांनी मिळून बसायला हवं. आमचं ते पान अजून अर्धं कोरं आहे. पण गेल्या आठवड्यात शेवयावाल्या ताईंचा थकलेला हप्ता आला.